श्रेणीचा माल

रेडीच्या माणसाला सीजीपीए समजावायची गरज नाही. इथल्या लोहखनिजाचीही प्रत अशीच ठरते: भारी माल, हलका माल, ज्याच्या त्याच्या वजनाने काढलेली सरासरी. कॉलेजात टनांऐवजी श्रेयांक, एवढंच. चार श्रेयांकांच्या विषयात १० गुणांक, दोनच्या विषयात काठावरचे ४. म्हणजे ४८ भागिले ६, बरोबर ८. काठावरचा विषय ‘ए’ श्रेणीत गुडूप!

यूजीसीच्या तक्त्यात नापासाला शून्य आणि गैरहजरालाही शून्यच. मग रात्रभर जागून नापास होण्यापेक्षा किनाऱ्यावर झोपलेला काय वाईट?

एवढं करून नोकरीच्या अर्जात रकाना असतो टक्क्यांचा. सीबीएसई दहावीला ९.५ने गुणायला सांगायची. विद्यापीठाचं सूत्र वेगळं, शेजारच्या विद्यापीठाचं आणखी वेगळं. आणि अर्जाची मुदत आज संध्याकाळी संपते.