गुडघेदुखीच्या सुट्या गोळीस

श्रीमती सुटी गोळी,
मुक्काम कागदाची पुडी, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा, यांस सा. न. वि. वि.

सोयाबीनची सोंगणी आटोपली की तुमची सुगी सुरू. दिवसभर वाकलेली बुढी औषधाच्या दुकानात येते, फळीला हात टेकते आणि म्हणते, ‘थे लाल गोई दे रे बापू.’ झालं! पट्टीवरून कात्री फिरते. नाव, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख दुकानातच राहते, तुम्ही तेवढ्या पुडीतून निघता. सोबतीला बारीकशी स्टेरॉइडची गोळीही असते, म्हणजे पोटाचं वाटोळं करायला एकट्या पडायला नको. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तुम्ही उंबरठा ओलांडू नये, असं शेड्यूल एच सांगतं. एवढं सोवळं आमच्याकडे कोण पाळतं म्हणा!

डायक्लोफेनॅक हे तुमचं पाळण्यातलं नाव. सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिन तुम्ही अडवता, गुडघा हलका होतो. कौतुकच आहे. पण तीच द्रव्यं जठराचं अस्तर जपतात आणि मूत्रपिंडाला रक्त पुरवत ठेवतात, हे बुढीला कोणी सांगायचं? त्यात बिऱ्हाड मांडलंत ते खारपाणपट्ट्यात. संग्रामपूर, जळगाव जामोदकडे किडनीच्या आजाराने आधीच घरंच्या घरं पोळली आहेत. बोल लागतो तो खाऱ्या पाण्याला, तुम्ही नामानिराळ्या.

गिधाडांनी मात्र तुम्हाला गोत्यात आणलं. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मढ्यातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांच्या किडन्या बसतात, हे 2004 मध्ये सिद्ध झालं. 2006 मध्ये जनावरांसाठी तुमच्यावर बंदी आली. मेलेलं गिधाड निदान कापून तपासलं गेलं. बुढीच्या बाबतीत ‘वय झालं होतं’ एवढ्यावर भागतं.

आता म्हणे संगणक तुम्हाला पकडणार. स्वीडनच्या उप्सालात औषधांच्या दुष्परिणामांचे जगभरातले 3 कोटींहून जास्त अहवाल साठले आहेत, आणि त्यांतून संशयित औषध हुडकायची संगणकी रीत तिथल्या संशोधकांनी 1998 मध्येच मांडली. आता तर वय, क्रिएटिनिन, रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवणारी गोळी यांची जुळणी बघून कोणाच्या किडनीला धोका जास्त, हे आधीच वर्तवणारी मॉडेलं तयार होताहेत. घाबरू नका. यंत्र शिकतं ते नोंदींवर, आणि तुमचं ना बिल, ना चिठ्ठी. त्याच्या लेखी बुढीने उभ्या जन्मात दुखण्याची गोळी खाल्लेली नाही. किडन्या आपसूक गेल्या. उद्या हे यंत्र इथल्या दवाखान्यात आलंच, तर तुम्हाला निर्दोष ठरवेल, तेही दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांसह.

एक कुरबुर तेवढी कानावर घालते. औषधांचे दुष्परिणाम नोंदवायला आपल्या देशात 2010 मध्ये सुरू झालेल्या औषधदक्षता कार्यक्रमाचं कार्यालय गाझियाबादला आहे. 1800-180-3024 वर फुकट फोन लागतो, रुग्णाने भरायचा अर्ज मराठीतही मिळतो. त्यात औषधाच्या नावाचा रकाना आहे. तो आमच्याकडून कोराच जाईल, याची तजवीज तुम्ही आधीच करून ठेवली आहे.

कळावे, लोभ कमीच असावा.