गेमवाले काका

सिलतऱ्यात कुणाकडे पोराचा वाढदिवस ठरला, की केकची ऑर्डर जाण्याआधी गेमवाल्या काकांची शिफ्ट विचारली जाते. ए शिफ्ट असेल तर संध्याकाळ मोकळी. बी असेल तर वाढदिवसच रविवारवर ढकलायचा. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की चिमण्या दिसू लागतात, त्यांतल्याच कुठल्या तरी स्पंज आयर्नच्या कारखान्यात काका शिफ्ट इन्चार्ज असतात. नाव सांगत नाही, कारण असा एक काका प्रत्येक कॉलनीत असतो. बाकीचे पाहुणे भेटवस्तू आणतात. काका शिट्टी, सहा लिंबं, प्लॅस्टिकचे चमचे आणि जुन्या पेपरांचा गठ्ठा आणतात. काकू मात्र पाकीट आणतात. कुणीतरी जनरीत सांभाळायला हवी ना.

काकांचा सगळा सिद्धान्त भट्टीतून आलेला आहे. तापलेली किल्न फिरायची थांबली तर तिचं ते अगडबंब धूड वाकतं, म्हणून वीज गेली तरी ती फिरती ठेवावी लागते. पोरांचंही तेच, असं काकांचं म्हणणं. पाच मिनिटं बसवून ठेवा, सहाव्या मिनिटाला कुणीतरी फुगा चावतं आणि सातव्याला केकवरचा चॉकलेटचा मिकी माऊस एका कानाचा होतो.

म्हणून संगीत खुर्चीवर त्यांचा राग. मुळात तो खेळच उलटा, ते म्हणतात. ज्याला सगळ्यात जास्त खेळायचंय ते चार वर्षांचं पिल्लू पहिल्या फेरीत बाहेर, आणि ज्याला आता मिसरूड फुटायला आलीय तो शेवटपर्यंत आत. काकांच्या खेळात दर फेरीला खुर्ची जाते, पोर जात नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मावायचं. शेवटी एका खुर्चीवर अकरा पोरांचा ढीग, खालून कुणाचा तरी रडण्या-हसण्याच्या मधला आवाज, आणि यजमानांचा चेहरा खुर्चीच्या काळजीने पांढरा. गाणं थांबवताना काका पोरांकडे पाठ करून उभे राहतात. स्वतःचा नातू खेळत असला तर डोळेही मिटतात.

अडचण पोरांची नसतेच. ‘पण मग जिंकलं कोण?’ हा प्रश्न आयांचा असतो. लिंबू-चमच्यात लिंबाला अंगठा लावायची युक्ती कडेला उभं राहून कोण शिकवतं, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. स्मरणशक्तीच्या खेळात ताटावरचा रुमाल उचलला की वीस वस्तू पोरं बघतात आणि मोबाइलवर फोटो बाबा काढतात. काका अशांना शिट्टी मारून बाहेर काढतात. बाद व्हायची सोय त्यांच्याकडे फक्त मोठ्यांसाठी आहे.

इथली पोरं अर्धी मराठी, अर्धी छत्तीसगढी, काही बिहारकडची. ‘मामाचं पत्र हरवलं’ म्हटलं की निम्मी रिंगण धरतात, निम्मी बघत राहतात. ‘कोडा जमालशाही’ म्हटलं की उरलेलीही खाली बसतात. फुगडीने मात्र एकदा घोळ घातला. काकांनी फुगडी पुकारली तशा मराठी मुली हात धरून गरगरू लागल्या आणि छत्तीसगढी मुली उकिडव्या बसून पाय पुढे-मागे टाकत नाचू लागल्या. दोघींचंही बरोबर, इकडची फुगडी तशीच असते. २०२२मध्ये राज्य सरकारने छत्तीसगढिया ऑलिंपिक सुरू केलं, त्यात गेडी, भौंरा, बांटी, पिट्ठुल (म्हणजे आपली लगोरी) यांच्या पंगतीला तीही होती. ते ऐकल्यावर काका महिनाभर असे वागत होते, जणू समितीने त्यांनाच विचारलं होतं.

‘डोंगराला आग लागली’ हा खेळ त्यांनी इथल्यासारखा करून पाहिला. सिलतऱ्यात डोंगर कुठला? म्हणून ‘किल्नला आग लागली, पळा पळा’ अशी आरोळी ठोकली. पोरं गोल पळाली. समोसा खात बसलेले तीन बाप मात्र थेट गेटपर्यंत पळाले, एक तर हेल्मेट शोधत होता. तेव्हापासून आग पुन्हा डोंगरालाच लागते.

संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात तेवढी काकांची शिट्टी खिशात जाते. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं-चुरमुऱ्यांचा पाऊस आणि खाली पोरांची लूट. यात नियम घालायला जागाच नाही. गच्चीवर सोहळा केला तर कारखान्यांची काजळी पांढऱ्या चुरमुऱ्यांना तीळ लावून देते, एवढाच सिलतऱ्याचा आहेर.

अलीकडे रायपूरहून माइकवाला अँकर बोलावतात. तासाचे पैसे, बुडबुड्यांचं मशिन, गालावर टॅटू. अशा एका वाढदिवसाला काका नुसते पाहुणे होते. दोन्ही हात मांडीवर, पाहवत नाही असं शहाण्यासारखं बसलेले. संगीत खुर्ची सुरू झाली, नेहमीची, माणसं घालवणारी. पहिलं पिल्लू बाद होऊन जिन्याकडे गेलं. दुसरं गेलं. चौथ्याला काका ‘जरा पाणी पिऊन येतो’ म्हणून उठले.

दहा मिनिटांनी हॉलमध्ये दोन खुर्च्या, दोन दांडगी पोरं आणि अँकर. ‘बच्चा पार्टी कहाँ है?’ तो माइकवरून विचारत होता. मग बर्थडे बॉयने, जो अजून बाद झालाच नव्हता, खुर्ची सोडली आणि पळाला. अँकर माइक घेऊन खाली पार्किंगमध्ये आला, तर स्कूटरींच्या मधोमध चपलांचे डोंगर रचून पिट्ठुल रंगलेला. तो तोंड उघडणार तोच काकांनी त्याला दंडाला धरून रांगेत उभा केला.

‘बेटा, पहले चप्पल उतारो. एक कम पड़ रही है.’