सायलेन्सर सडला, पेढे वाटा!

काय दिवस आले बघा! गाडीचा सायलेन्सर सडला तर माणसानं कपाळाला हात लावावा की मिशीला पीळ द्यावा? आपल्या संभाजीनगरात हल्ली दुसराच प्रकार बोकाळलाय. जुनी ऑक्टाव्हिया आरएस, उतारवयातली ऑडी टीटी, नाहीतर तिसऱ्या मालकाच्या पदरी पडलेली बीएमडब्ल्यू. मागून भसाभसा आवाज यायला लागला की मालक गावभर सांगत सुटतो, "सायलेन्सर गेला हो!" सूर सुतकी, डोळे मात्र लकाकतायत. शोभतं का हे?

बरं, चैन म्हणावी तर सगळा कारभार काटकसरीच्या नावावर. शोरूमवाल्यानं नव्या सायलेन्सरचा आकडा सांगितला की हा मनुष्य किंचाळतो, "एवढ्यात दारात नवी स्कूटर उभी राहील!" आणि तडक वेल्डरचं दुकान गाठतो. अहो, स्पोर्ट्स कार घेताना नव्हतं का आठवलं स्कूटरचं?

तसं गावाचं हे दुखणं जुनंच. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींच्या, आणि देशभर बोभाटा झाला. बाहेरच्यांना वाटलं, केवढी ही श्रीमंती! आपल्याला ठाऊक आहे, खरी गोडी घाऊक सवलतीची होती. ज्या गावानं मर्सिडीजसुद्धा मोंढ्यातल्या ज्वारीच्या पोत्यांसारखी घासाघीस करून उचलली, ते सायलेन्सरला छापील किंमत मोजेल? त्यात शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा जुळते, वाळूजला बजाजचा कारखाना. म्हणजे गल्लीतला दर दुसरा माणूस गाड्यांचा धन्वंतरी. कुणाचा मेहुणा वाळूजला आर्गन वेल्डिंग करतो, कुणाची कुर्ल्याच्या भंगारात 'ओळख' आहे, कुणी दिल्लीच्या करोलबागेतून सायलेन्सरचा डबा मागवून देतो. सल्ला फुकट, चहा तेवढा तुमचा.

पण मुळात सायलेन्सर सडतोच का? एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन धुराड्यातून निघतं. लांब पल्ल्याला पाईप तापतो, वाफ उडून जाते. आपले शूरवीर मात्र दोनशे घोड्यांची गाडी नेतात कुठे, तर क्रांती चौकातून निराला बाजारला! पाईप तापायच्या आत इंजिन बंद, कारण पानाचं दुकान आलं. मग पाणी मागच्या डब्यात साचतं, धुरातलं आम्ल त्यात मुरतं आणि पत्रा आतून गंजत जातो. वा रे न्याय! ज्या शहरात नळाला आठ-आठ दिवस थेंब नाही, तिथले सायलेन्सर पाण्यानं तुडुंब! पाणी झिरपावं म्हणून कित्येक डब्यांना तळाशी कारखान्यातूनच एक बारीक भोक पाडलेलं असतं. काही महाभाग तेही 'लीक' समजून वेल्डिंग मारून बुजवतात. मग डबा सडणार नाही तर काय करणार?

गंमत म्हणजे उपाय खरोखर स्वस्त आहे. सडतो तो बहुधा मागचा डबा, पुढचा पाईप ठणठणीत असतो. सडका भाग कापा, स्टीलचा पाईप आणि डबा जोडा, गॅस्केट बदला, लोंबती रबरं नवी घाला, झालं! पण इथवर थांबेल तो संभाजीनगरकर कसला? गाडी रॅम्पवर चढली की वेल्डर उस्ताद खालून हळूच सोडतो, "काहेकू नया डालते भाई? बीच का डब्बा निकाल दूँ क्या? आवाज मस्त आती." संपलं! काटकसर गेली खड्ड्यात. आधी मधला डबा जातो, मग कॅटलिटिक कन्व्हर्टरवर नजर जाते. त्याच्या पोटात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. भंगारवाला त्याच्याकडे सासऱ्यानं जावयाकडे बघावं तसा बघत नाही, उलट जावयानं सासऱ्याच्या सातबाऱ्याकडे बघावं तसा बघतो. कन्व्हर्टर निघाला की डॅशबोर्डावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, पीयूसीचे वांधे होतात. आणि हे बेकायदा आहे, बरं का. आवाज-धुराच्या गुन्ह्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून १०,००० रुपयांपर्यंत दंड, वर लायसन्स तीन महिने घरी. पोलीस कर्कश सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात, तेव्हा टाळ्या वाजवायला पुढे कोण? हेच, आपली गाडी लांब गल्लीत लावून!

वाचलेल्या पैशांचं काय होतं म्हणता? पेट्रोल! "पाईप तापवून आणतो," असं घरी सांगून रात्री अकराला स्वारी सावंगीच्या इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गावर. ही म्हणे सायलेन्सरच्या तब्येतीसाठी घेतलेली हवा. मर्यादा १२० ची, पण तब्येतीपुढे मर्यादा कोण बघतो? आणि बायकोनं मधुमेहासाठी रोज चालायला जा म्हटलं, तर गुडघा दुखतो.

बाटलेल्यांची यादी तर सांगूच नये. सिडकोतले एक निवृत्त प्राध्यापक, बुलेटच्या फटफटीवर वर्तमानपत्राला पत्रं पाठवण्यात हयात गेली. त्यांच्या जुन्या सेडानचा डबा फुटला, मुलानं 'स्वस्तात' करून आणला. आता सर सकाळी दूध आणायला गाडी काढतात आणि गेटपाशी उगाचच दोनदा रेस देतात. विचारलं तर म्हणतात, "बॅटरीसाठी चांगलं असतं."

आणि आपण? छे, आपण त्यातले नाही. आपण गॅरेजपाशी फक्त नावं ठेवायला उभे असतो, उड्डाणपुलाखाली काच खाली करतो ती हवेसाठी. मग परवा उस्तादला कोपऱ्यात घेऊन कोण विचारत होतं, वॅगनआरला बसतो का म्हणून?

"बैठता ना भाई, काहेकू नहीं बैठता?"

दोघांनी मिळून केलं तर कमी करतो म्हणालाय. येताय?