बाटलीकाका

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत बाटलीकाकांकडे जायचं तर दारातच स्पिरिटनं हात पुसावे लागतात. मग तोंडाला रुमाल. मग काका म्हणतात, "बोल! पण माझ्याकडे तोंड करून नको."

काका बॉटनीचे निवृत्त प्राध्यापक आणि टिश्यू कल्चरचे कार्यरत भक्त. या पंथात जगाचे दोनच भाग असतात: बाटलीतलं निर्जंतुक आणि उरलेलं बुरशीचं. शेजारीपाजारी, सगेसोयरे आणि जावई दुसऱ्या भागात मोडतात.

काकांचं दैवत सफेद मुसळी. तिच्या शास्त्रीय नावातच बोरिवली आहे. हल्ली बोरिवलीत मुसळी सोडून सगळं मिळतं, म्हणून काकांनी ती बेडरूममध्येच बाटल्यांत वाढवायला घेतली. मुराशिगे आणि स्कूग यांचं १९६२चं पोषक माध्यम त्यांना तोंडपाठ. स्वतःचा चहा मधुमेहामुळे बिनसाखरेचा. मुसळीला मात्र लिटरमागे ३० ग्रॅम साखर! माध्यम घट्ट करायला अगर महाग पडलं, तेव्हा काकूंच्या कपाटातलं इसबगोल गेलं. मग ते निर्जंतुक करायला कुकर गेला: १५ पौंड दाब, १२१ अंश, २० मिनिटं. त्या दिवशी वरण झालं नाही, पण काकू उकळल्या.

"एका कोंबाचे महिन्याला चार धर. वर्षअखेर १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६!" हा हिशोब काका लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवतात. तळमजल्यावर चढलेला माणूस सातव्यावर कोट्यधीश होऊन उतरतो. हिशोबात बुरशी धरलेली नसते. ती बाटलीत दिसली की घरात चौकशी बसते: "परवा कोण शिंकलं?"

खरी पंचाईत बाटली वाचली की होते. आत रोज १६ तास ट्यूबलाइटचा उजेड, आयती साखर, भरपूर ओलावा. अशा लाडात पानावर मेणाचा थर धड धरत नाही आणि पर्णरंध्रं वेळेवर मिटायला शिकत नाहीत. रोप एकदम बाहेर काढलं तर मान टाकतं. म्हणून त्याला हळूहळू वाऱ्याची सवय लावायची. याला हार्डनिंग म्हणतात. काकांनी हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून शिकवलं. पण झाकण उघडायची वेळ आली की म्हणतात, "असू दे अजून आठवडाभर."

शेवटी एका दुपारी काका झोपलेले पाहून काकूंनीच बाटल्या उघडल्या. मुळांना चिकटलेलं माध्यम नळाखाली धुतलं, रोपं आइस्क्रीमच्या कपांत कोकोपीटमध्ये लावली, वर प्लॅस्टिकच्या पिशव्या घातल्या आणि पिशवीला रोज एकेक भोक वाढवत नेलं.

महिन्यानं काका मफलर गुंडाळून, भिंग घेऊन बाल्कनीच्या दाराशी उभे. "अगं, जगली की!"

"जगणारच," काकू म्हणाल्या. "आता तुमची पाळी. तो मफलर काढा, पिशवी घ्या आणि बाजारात जाऊन या. पहिल्या दिवशी नुसती कोथिंबीर आणा."