चार्जरवाले भाऊ

बुलढाणा जिल्ह्यात चार्जरवाले भाऊ घाटावर आणि घाटाखाली दोन्हीकडे आढळतात. मध्यम वस्तीच्या गावाला एक भाऊ पुरतो. दोन असले तर त्यांचे आपसात बोलणे नसते, कारण कधीतरी एकाने दुसऱ्याच्या चार्जरला ‘बरा हाय’ असे म्हटलेले असते.

वय पंचेचाळीसच्या पुढे. शर्टाच्या खिशात पेन असेल-नसेल, टेस्टर असतोच. वायर दाताने सोलण्याची सवय असल्यामुळे पुढच्या एका दाताचा कोपरा गेलेला असतो आणि हसले की तो हुद्द्यासारखा दिसतो. चार्जर बनवणे हा त्यांचा धंदा नव्हे. पोटापाण्यासाठी तीन-चार एकर सोयाबीन-तूर, पिठाची गिरणी किंवा शाळेतली शिपायाची निवृत्त झालेली नोकरी असते. आयटीआयचा वायरमनचा कोर्स बहुधा अर्धा झालेला असतो. उरलेल्या अर्ध्यात फक्त थिअरी होती, असे भाऊ सांगतात.

या जातीचा उगम एलिमिनेटरमध्ये आहे. ट्रान्झिस्टरचे सेल परवडेनात तेव्हा छोटा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक कपॅसिटर एवढ्यावर रेडिओ लाइनीवर चालवायची विद्या गावोगाव पसरली. या एलिमिनेटरवर विविध भारतीच्या प्रत्येक गाण्याखाली ‘घुंऽऽ’ असा एक कायमचा सूर लागे आणि ऐकणारे त्याला गाण्याचाच भाग समजत. पण भाऊंना खरी प्रतिष्ठा दिली ती रामायणाने. 25 जानेवारी 1987 पासून दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर ही मालिका लागू लागली आणि लाइन तर रविवार पाहून जात नव्हती. मग बारा व्होल्टवर चालणारा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही ओट्यावर मांडून त्याला ट्रॅक्टरची बॅटरी जोडत. रविवारी राम वनवासाला जाई आणि सोमवारी ट्रॅक्टर जागचा हलत नसे. बॅटरी तालुक्याला चार्जिंगला टाकली की दिवस मोडायचा. त्या सोमवारी ज्याने घरच्या घरी, एलिमिनेटरचाच मोठा भाऊ वाटावा असा चार्जर जोडून दिला, तो त्या गावातल्या परंपरेचा मूळपुरुष.

पुढे भारनियमन आले. 2005 साली वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, गावाच्या लेखी मात्र ते ‘बोर्ड’च राहिले, आणि बोर्डाने खेड्यांना बारा-बारा तासांचा अंधार दिला. घरोघरी इमर्जन्सी दिवे आले, त्यांच्या बॅटऱ्या सहा महिन्यांत बसल्या, आणि भाऊंचा ओटा बाह्यरुग्ण विभागासारखा भरू लागला. भारनियमनाबद्दल जिल्ह्यात कोणी कृतज्ञ असेल तर ते भाऊच. ते तसे बोलून दाखवत नाहीत, एवढेच.

कच्चा माल हा भाऊंच्या जीवनाचा गाभा आहे. चिखली, खामगाव, मलकापूर अशा बाजाराच्या गावी माणसे कपड्याला आणि खताला जातात, भाऊ भंगारात जातात. भंगारवाला वस्तू किलोवर विकतो आणि भाऊ हाताने तोलून घेतात. ट्रान्सफॉर्मर जेवढा जड तेवढी त्यात तांब्याची तार जास्त, हे सूत्र त्यांना मनगटात कळते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधला 12-0-12 चा ट्रान्सफॉर्मर सापडला की मुलीला स्थळ सांगून आल्यासारखा आनंद होतो. त्याखालोखाल मान बंद पडलेल्या यूपीएसला. शाळा, पतसंस्था आणि सायबर कॅफे यांनी टाकून दिलेल्या यूपीएसमधून उत्तम पेटी, पिन, जाड वायर, स्विच आणि सात अँपिअर-अवरची मेलेली बॅटरी मिळते. मेलेली हा शब्द भाऊंना मान्य नसतो. ते बॅटरीचे वरचे झाकण पानपट्टीच्या चाकूने उचकटतात, आतली रबरी टोपणे काढतात आणि सिरिंजने प्रत्येक घरात थोडे डिस्टिल्ड वॉटर सोडतात. शेवटच्या घटकेला तोंडात गंगाजल घालतात तशी ही क्रिया दिसते. फरक इतका की इथे रोगी कधीकधी खरोखरच उठून बसतो आणि पुढे महिना-पंधरा दिवस दिवा लावतो. पाण्याच्या बाबतीत भाऊ काटेकोर. नळाचे चालत नाही, बोअरचे तर नाहीच. लोणार तालुक्यातल्या भाऊंनीसुद्धा सरोवराचे पाणी वापरून पाहिल्याचे ऐकिवात नाही. त्या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास, म्हणजे चांगलेच अल्कधर्मी, आणि बॅटरीत असते सल्फ्युरिक अ‍ॅसिड. ही सोयरीक जुळणारी नव्हे, हे त्यांना न शिकता कळते.

भाऊ कोणाकडे भेटायला गेले, अगदी मयतीला गेले, तरी नजर एकदा इन्व्हर्टरवरून फिरून येते. ‘फेकू नका, कामी येते’ हे त्यांचे ब्रीद. घरातल्यांना याचा अनुभव असल्यामुळे मिक्सर बिघडल्याचे सांगण्याआधी काकू मिक्सर लपवून ठेवतात.

चार्जरची रचना सांगायला सोपी आहे. ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे बारा करतो. त्यापुढे चार डायोडचा ब्रिज ती उलटसुलट धावणारी वीज एका दिशेला लावतो. डायोड 1एन4007 असेल तर तो एक अँपिअरचा, म्हणून भाऊ दोन-दोन समांतर जोडतात किंवा तीन अँपिअरचा 1एन5408 शोधतात. मग प्लसच्या वाटेवर मोटारसायकलच्या हेडलाइटचा बल्ब घातलेला असतो. हा बल्ब भाऊंच्या बुद्धीचा सर्वोच्च बिंदू होय. बॅटरी उपाशी असली की ती वीज ओढते आणि बल्बची तार लाल होते. पोट भरत आले की बल्ब काजव्याएवढा उरतो, आणि मग विझतो. करंट आवरायलाही तोच, चार्जिंग कुठवर आले ते सांगायलाही तोच, शिवाय रात्री ओट्यावर विडी शोधायलाही. बाजारातल्या चार्जरमध्ये यासाठी नखाएवढी आयसी असते, पण तिच्या उजेडात विडी सापडत नाही.

हे सगळे ज्यात बसते ती पेटी स्टॅबिलायझरची असू शकते, बिस्किटाच्या डब्याची असू शकते, किंवा नसूही शकते. बाहेर दोन चिमटे लोंबतात. शास्त्राप्रमाणे लाल वायर प्लसची आणि काळी मायनसची. भाऊंकडे दोन्ही हिरव्या असतात, कारण हिरव्या वायरीचे बंडल भंगारात सापडलेले असते. म्हणून प्लसच्या वायरीला एक गाठ मारलेली असते. ही गाठ एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत घरातले कोणीतरी, वायर गुंतली म्हणून, प्रेमाने सोडवून ठेवते. त्यानंतरचा पहिला ग्राहक उलटे चिमटे लावतो, वाटेवरचा बल्ब फट्‌कन जातो आणि भाऊ आवाजावरून त्याचे वॅट सांगतात.

या चार्जरमध्ये नसते ते एकच: ऑटो कटऑफ. बारा व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत सहा घरे असतात. पूर्ण भरलेली आणि निवांत पडलेली बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते, चार्ज करताना तिला 14.4 पर्यंत न्यावे लागते आणि तिथे थांबावे लागते. थांबले नाही तर आतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊ लागतात, बॅटरी उकळते, सुकते आणि फुगते. कंपनीचा चार्जर आपण होऊन थांबतो. भाऊंचा चार्जर भाऊ थांबवतात. ते बॅटरीच्या अंगाला ताप पाहावा तसा तळहात लावतात, कान देऊन बुडबुडे ऐकतात, आंबूस वास आला की प्लग काढतात. घरगुती चार्जरमधला सर्वांत महत्त्वाचा सुटा भाग भाऊ स्वतः आहेत आणि तो भंगारात मिळत नाही. ते लग्नाला मेहकरला गेले की त्या रात्री गावातल्या दोन बॅटऱ्या हमखास फुगतात. आल्यावर भाऊ म्हणतात, “बॅटरीच लोकल होती.”

थांबवण्याचे हे काम वाटते तेवढे सोपे नाही, कारण लाइन एकसारखी नसते. संध्याकाळी गावात टीव्ही आणि पंखे सुरू झाले की 230 चे 170 होतात. मग बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर नऊच्या आत येतो, विजेच्या लाटेचे टोक या आकड्याहून वर जाते, पण डायोडने आपला वाटा कापून घेतल्यावर त्या टोकालाही जेमतेम अकरा व्होल्ट उरतात आणि बॅटरीत थेंबही जात नाही. मध्यरात्री गाव झोपले की हीच लाइन अडीचशेपर्यंत चढते, ट्रान्सफॉर्मर तेरा देतो, टोकाला सतरा पोचतात आणि बॅटरी खीर शिजल्यासारखी रटरटते. म्हणून भाऊ रात्री दोनदा उठतात. शेजाऱ्यांना वाटते मधुमेह आहे.

मोजायला पिवळा मीटर असतो. त्यातला नऊ व्होल्टचा सेल बदलायचा राहून गेलेला असतो. या साध्या मीटरचा सेल उतरला की आकडे चढे दिसू लागतात, त्यामुळे भाऊंच्या मीटरवर बसलेली बॅटरीसुद्धा ठणठणीत दिसते. भाऊंच्या आशावादाचे बरेचसे मूळ इथे आहे.

हंगाम जूनअखेर सुरू होतो. सोयाबीन आणि कपाशीच्या फवारणीला पाठीवरचा बॅटरीपंप लागतो आणि त्यात बहुधा बारा व्होल्ट, आठ अँपिअर-अवरची बॅटरी असते. पंपाबरोबर आलेला चार्जर पहिल्या वर्षी हरवतो किंवा त्याची वायर उंदीर खातो. पहाटे ओट्यावर पंपांची रांग असते.

“भाऊ, सात वाजता लागते मले. फवारा मारा लागते.”

“ठेव तिथं. बल्ब इझला का घेऊन जाय.”

“पैसे?”

“च्या पाज.”

अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पाऊसपाण्याचे भाकीत सांगितले जाते. त्यावर जिल्हाभर चर्चा झडते, काहीजण हसतातही. भाऊंच्या ‘सातपर्यंत होते’ या भाकितावर मात्र सगळ्यांचा विश्वास असतो. पिके भरात आली की जागलीचा काळ येतो. रानडुक्कर आणि रोही शेतात शिरू नयेत म्हणून रात्री मचाणावर बॅटरीचा लाइट, कुंपणाला झटका मशीन. तिची बॅटरी दिवसा सोलरवर भरते असे कागदोपत्री असते. आभाळ आठ-आठ दिवस झाकलेले राहिले की ती भाऊंच्या ओट्यावर भरते.

कॉम्प्युटरच्या एसएमपीएसने भाऊंना एकदा भुरळ घातली होती. हिरवी वायर काळीला टेकवली की पंखा फिरू लागतो, पिवळीवर बारा व्होल्ट अगदी स्थिर, लाइन कमी-जास्त झाली तरी हलत नाहीत. त्यांनी बॅटरी दोन दिवस लावून ठेवली आणि ती अर्ध्याच्या पुढे गेली नाही. बारा व्होल्टची बॅटरी भरायला बारा व्होल्ट पुरत नाहीत, टाकीत पाणी चढवायला नळ टाकीहून उंच लागतो, हे त्यांना माहीत होते. पण वस्तू इतकी देखणी होती की मोह झाला. आता तो एसएमपीएस टेबल-फॅनसारखा वापरतात.

इथपर्यंतचे सगळे शिशाच्या राज्यातले. शिसे स्वभावाने सोशिक आहे, चूक केली तर फुगते, वास मारते, माणसाला सावध व्हायला वेळ देते. पंपात आणि टॉर्चमध्ये आता लिथियम येऊ लागले आहे आणि तिथे भाऊंची विद्या धोक्याची ठरते. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून निघणारे 18650 सेल, म्हणजे 18 मिलिमीटर जाडीचे आणि 65 मिलिमीटर लांबीचे, प्रत्येकी 4.2 व्होल्टवर भरतात. त्यापुढे नेले तर तापतात आणि पेट घेऊ शकतात. असे तीन सेल एकापुढे एक जोडले की होतात 12.6. हा आकडा पाहून भाऊंना जुनी ओळख पटते आणि हात त्या बल्बवाल्या चार्जरकडे जातो. जाऊ नये. इथे कान देऊन ऐकायला बुडबुडे नसतात. लिथियमला त्याचा स्वतःचा चार्जर आणि प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारे बीएमएस सर्किट लागते. एकेका सेलसाठी टीपी4056 हे बोटाच्या पेराएवढे मॉड्यूल असते. ते स्वस्त आहे आणि 4.2 ला आपण होऊन थांबते. समजूतदार भाऊ ते वापरू लागले आहेत, पण त्यात त्यांना करायला काही उरत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.

कायद्याच्या नजरेतून पाहिले तर वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. संग्रामपूर किंवा सिंदखेड राजा तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात उत्पादक पोचेपर्यंत हे काम भंगारवाला आणि भाऊ सांभाळतात. भंगारवाला वस्तू पुढे पाठवतो, भाऊ ती मागे ठेवतात.

भाऊंचा मुलगा बहुधा पुण्याला, चाकणला नाहीतर हिंजवडीला. ओट्यावरच्या चार्जरची त्याला लहानपणापासून लाज वाटते. एका दिवाळीला तो आकडे दाखवणारा, आपोआप बंद होणारा, दोन वर्षांची गॅरंटी असलेला नवा चार्जर आणतो. भाऊ तो हातात तोलतात. हलका लागतो. भाऊबीजेपर्यंत दम धरतात आणि मुलाची गाडी सुटली की चार स्क्रू काढून आत काय आहे ते बघतात. गॅरंटी तिथे संपते. नवा चार्जर बंद होतो. त्याचे चिमटे मात्र चांगले असतात, एक लाल आणि एक काळा, म्हणून ते जुन्या चार्जरच्या हिरव्या वायरींना जोडले जातात. घाईत लाल चिमटा बिनगाठीच्या वायरीला लागतो.

तेव्हा भाऊंच्या ओट्यावर बॅटरी लावताना चिमट्याच्या रंगावर जाऊ नये. गाठ असलेली वायर प्लसची. गाठ दिसत नसेल तर भाऊंना उठवावे, ते जागेच असतात.