एक बटण, नऊ पायऱ्या

भाचीनं बँकेच्या परीक्षांचा क्लास मध्येच सोडला आणि लहान मुलांच्या विशेष शिक्षणाच्या पदविकेला प्रवेश घेतला, ही बातमी दोन्ही घरांत अर्ध्या तासात पोचली. कोर्सचं नाव मात्र आठ महिने झाले तरी अजून वाटेतच आहे. तिचे थोरले काका दर रविवारी साताऱ्याहून फोन करतात आणि विचारतात, "काय म्हणतंय तुझं ते मंद मुलांचं?" माझ्या आत्याचं मत असं की बालवाडीच ती, फक्त गाणी जरा हळू म्हणायची. आणि दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त साहेब तिला जिन्यात अडवून म्हणाले, "फार पुण्याचं काम निवडलंस हो बाळ."

आम्ही राहतो पुण्यात, तेव्हा क्षणभर मला वाटलं शहराची तारीफ चाललीय. पण साहेब पुण्य-पाप यातलं पुण्य म्हणत होते. एखादं काम पुण्याचं ठरलं की त्याचा पगार चित्रगुप्ताच्या खात्यातून निघतो, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. साहेबांनी स्वतः छत्तीस वर्षं नोकरी केली, तीत पुण्य किती होतं ते देव जाणे, पण पेन्शन महिन्याच्या महिन्याला येते.

याच जातीचा दुसरा शब्द म्हणजे संयम. "बाई गं, किती संयम लागत असेल!" हे ऐकल्याशिवाय भाची एकाही लग्नकार्यातून परत येत नाही. पावसात विमान उतरवणाऱ्या पायलटला कुणी असं म्हटल्याचं ऐकलंय का? त्याला काहीतरी येतं, असं आपण धरून चालतो. हिला काही येत असेल, शिकावं लागत असेल, परीक्षेत नापास होण्याइतकं ते अवघड असेल, ही शंकाच कुणाला येत नाही. मलाही आली नव्हती. माझा शर्ट गेला तेव्हा आली.

शर्ट जुना होता, पण माझा होता. तिनं तो कपाटातून काढला, पुढचा भाग कात्रीनं उभा कापला, बटणं उसवून त्या जागी कोटाची मोठी बटणं शिवली, काजं वाढवून कडेनं टाके घातले आणि दोन्ही बाजू लाकडी चौकटीवर चुका मारून ठोकल्या. साधनसाहित्य, असं उत्तर मिळालं. मग वही पुढे सरकवून म्हणाली, "मामा, बटण कसं लावायचं ते लिही."

मी लिहिलं : काजातून बटण घालावे.

"झालं?"

"झालं. अजून काय असतं त्यात?"

तिनं माझे हिवाळ्यात स्कूटरवर घालायचे जाड हातमोजे आणले, माझ्या हातांत चढवले आणि चौकट समोर ठेवली. पुढची चार-पाच मिनिटं मी आयुष्यात परत मोजणार नाही. बटण चिमटीत येईना. आलं तर काज सापडेना. काज सापडलं तर बटण आडवं. ती शेजारी उभी राहून, वर्गातल्या बाईंनी शिकवलंय त्याप्रमाणे, गोड आवाजात म्हणत होती, "लाव ना पटकन. एवढा मोठा झालास तरी येत नाही? बघ, दादाला कसं येतं." तिसऱ्या वेळी मी चौकट ढकलून दिली. "हं," ती म्हणाली, "आता मी वहीत लिहिणार, मूल हट्टी आहे."

मग तिनं तिची यादी दाखवली. बटणाकडे बघायचं, ही पहिली पायरी. हो, बघणं हीसुद्धा पायरी असते. ज्याची नजर एका जागी ठरत नाही त्याच्यासाठी तर तीच सगळ्यात उंच. मग डाव्या हातानं काजाची कड धरायची. उजव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या चिमटीत बटण पकडायचं. ते काजाजवळ आणायचं. तिरकं करायचं. अर्धं आत ढकलायचं. पलीकडून डाव्या हातानं धरायचं. उजवा हात सोडायचा (हे मला सर्वांत अवघड गेलं, सोडणं). आणि नववी पायरी, ओढून बाहेर काढायचं. याला कार्यविश्लेषण म्हणतात. शिक्षिका आधी बघते की मूल नेमकं कुठल्या पायरीवर अडकतं. आपण घरी त्याला सरसकट 'येत नाही' म्हणतो आणि बटणं स्वतः लावून देतो, कारण रिक्षा खाली उभी असते.

खरी गंमत पुढे आहे. शिकवायला सुरुवात शेवटच्या पायरीपासून. आठ पायऱ्या बाई करणार, मूल फक्त शेवटचं ओढणार. म्हणजे पहिल्याच दिवशी बटण लागतं आणि ते मुलानं लावलेलं असतं. ते जमलं की आठवी आणि नववी त्याची. असं मागे मागे सरकत महिन्यांनी कधीतरी पहिली. इंग्रजीत याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात, भाची मराठीत उलटी साखळी म्हणते. आमच्या पिढीला सगळं पहिल्या पायरीपासून शिकवलं आणि दुसरीवर छडी मारली. त्यामुळे शेवटच्या पायरीवरचा आनंद आमच्यातल्या पुष्कळांना रिटायर झाल्यावरच भेटतो.

तर हे एक बटण. अशी कौशल्यं किती? चेन्नईच्या मधुरम नारायणन केंद्रानं जन्मापासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी एक तपासणी-यादी केली आहे. हालचाल, स्वतःची कामं, भाषा, आकलन, माणसांत मिसळणं अशी 5 क्षेत्रं, प्रत्येकात 50, एकूण 250. तिचं नाव 'उपनयन'. भाची फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "उद्या मला एका बाळाचं उपनयन करायचंय." आत्यानं पुढच्या खोलीतून विचारलं, "मुंज कुणाची गं? आम्हाला बोलावणं नाही आलं."

या अभ्यासात सगळ्यात कडक भाग आहे तो क्रियापदांचा. प्रत्येक मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना लिहायची असते आणि तीतलं उद्दिष्ट मोजता आलं पाहिजे. 'मुलाला रंगांची ओळख होईल' असं लिहिलं की लाल रेघ. ओळख झाली हे दिसणार कसं? 'समजेल', 'आवड निर्माण होईल', 'प्रयत्न करील' ही सगळी क्रियापदं बाद. लिहायचं असं : लाल आणि पिवळा ठोकळा समोर ठेवून 'लाल दे' म्हटल्यावर मूल 5 पैकी 4 वेळा लाल ठोकळा देईल. त्याखाली मदतीची पातळी. हात धरून, खुणेनं, तोंडी सूचनेनं की स्वतंत्रपणे. पहिल्या महिन्यात भाचीचं पाठ टाचण लाल शाईनं इतकं माखून आलं की मला क्षणभर ती जखमच वाटली.

वही चाळता चाळता माझ्यातला तिरकस माणूस जागा झाला आणि मी संविधान काढलं. 2002 सालच्या 86 व्या दुरुस्तीनंतर अनुच्छेद 45 असा आहे की सर्व बालकं सहा वर्षांची होईपर्यंत त्यांचं संगोपन आणि शिक्षण याची तरतूद करण्यासाठी राज्य प्रयत्न करील. प्रयत्न करील! भाचीकडे दिलं. तिनं सवयीनं खाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'मोजता येत नाही, पुन्हा लिहा.'

पुढचं वाचू नये, पण वाचलं. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा वय 6 ते 14 साठी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तो 6 ते 18. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 11 मध्ये शासन व्यवस्था 'करू शकेल' असं आहे. आणि 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण काय सांगतं? मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते. म्हणजे हक्काची गाडी फलाटाला लागते तेव्हा 85 टक्के प्रवासी निघून गेलेले असतात, आणि स्टेशनमास्तर उरलेल्यांना हार घालतो. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलं, प्राथमिकला 10 विद्यार्थ्यांमागे 1, उच्च प्राथमिकला 15 मागे 1. चांगलंच झालं. पण भाची ज्या वयासाठी शिकतेय ते वय पहिलीच्या उंबऱ्याबाहेर चपला काढून बसलेलं आहे.

पाट्या मात्र आपण झपाट्यानं बदलतो. अपंगचं दिव्यांग झालं, 7 प्रकारांचे 2016 च्या कायद्यात 21 झाले, डिसेंबर 2022 पासून राज्यात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही आहे. पाटीला रंगारी पुरतो. शिक्षकाला दरमहा पैसे द्यावे लागतात. त्यावरचा आपला उपाय म्हणजे 'मानधन' हा शब्द. मान आणि धन एकाच शब्दात बसवले, की कुठलं किती मिळालं हे कुणी तपासत नाही.

बरं, कुणीही उठावं आणि शिकवावं असंही नाही. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा 1992 चा. नोंदणी नसताना हे काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी टिकवायची तर नंतरही प्रशिक्षणांना बसून पॉइंट जमवायचे. हे काम अडाण्याच्या हातात देऊ नये, हे संसदेला तेहतीस-चौतीस वर्षांपूर्वी कळलं. आमच्या जिन्यात ते अजून चढायचंय.

मघाशी पाट्यांचा विषय निघाला, त्यातलं एक राहिलं. भाचीनं सरावासाठी एका साडेतीन वर्षांच्या मुलाच्या घरी जायला सुरुवात केली. बोलत नाही, नजर देत नाही, पण मिक्सर लागला की कान घट्ट झाकतो. आजी म्हणते, "याचा बाप चौथ्या वर्षी बोलला, आता बघा, थांबतो का?" या एका वाक्यानं महाराष्ट्रात जितकी वर्षं वाया गेली असतील तितकी लाल फितीनंही घालवली नसतील. आईला मात्र पहिल्या वाढदिवसाच्या आधीच काहीतरी खटकलं होतं. ती मुलाला घेऊन घराजवळच्या एका 'मॉन्टेसरी'त गेली. स्वागतकक्षात हत्तीची घसरगुंडी, भिंतीवर जिराफ. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. आमच्याकडे बाकीच्या मुलांचे पालक नाराज होतात हो, तुम्ही याला एखाद्या स्पेशल ठिकाणी घाला.

मारिया मॉन्टेसरी रोममध्ये डॉक्टर होत्या. ज्यांना शिकवून उपयोग नाही असं ठरवून टाकलं होतं, अशा बौद्धिक दिव्यांग मुलांबरोबर त्यांनी आधी काम केलं. इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचं अशाच मुलांवरचं लेखन वाचून त्यांनी साधनं घडवली. मुलं शिकली. तेव्हा त्यांना प्रश्न पडला की ही जर एवढं शिकतात, तर बाकीच्या शाळा धडधाकट मुलांचं नेमकं करतात काय? मग 1907 साली सान लोरेन्झो वस्तीत त्यांचं पहिलं बालगृह उघडलं. म्हणजे ज्या पद्धतीचं नाव पाटीवर लावून भरगच्च फी घेतली जाते, ती मुळात उभी राहिली दारातून परत पाठवलेल्या मुलांच्या जोरावर. बटणं लावायची लाकडी चौकट, माझा शर्ट जिच्यावर शहीद झाला, तीही मॉन्टेसरीचंच साधन. त्या शाळेत तशा सहा चौकटी ओळीनं मांडल्या होत्या, असं त्या आईनं भाचीला सांगितलं. वर काच होती.

भाचीनं यावर भाषण केलं नाही. ती मिक्सर लावण्याआधी मुलाला मिक्सरचं चित्र दाखवायचं आणि तो दुसऱ्या खोलीत गेला की मगच बटण दाबायचं, एवढं आजीला शिकवून आली. आजी पाच दिवसांत तीन दिवस विसरली. उद्दिष्ट अपूर्ण, पुढे चालू.

तिथूनच मला कल्पना सुचली. आम्ही दोघांनी बसून थोरल्या काकांची वैयक्तिक योजना केली. सद्यस्थिती : काका कोर्सला 'मंद मुलांचं' म्हणतात, 5 पैकी 5 वेळा, स्वतंत्रपणे. दीर्घकालीन उद्दिष्ट : काका 'लहान मुलांचं विशेष शिक्षण' हे शब्द सलग उच्चारतील. पद्धत : उलटी साखळी. आधी फक्त 'शिक्षण' एवढा शेवटचा शब्द त्यांच्याकडून घ्यायचा, बाकीचे आपण म्हणायचे. प्रबलन : साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचं कौतुक.

रविवारी फोन वाजला. भाचीनं स्पीकर लावला, वही उघडली.

"काय गं, काय म्हणतंय तुझं ते..."

"लहान मुलांचं विशेष..." ती हळूच म्हणाली आणि थांबली. पलीकडे बराच वेळ शांतता. काका विचार करत असल्याचं ऐकू येत होतं.

"...शिक्षण," काका म्हणाले. "बरं ते जाऊ दे. एवढं शिकून पगार किती देतात?"

तिनं घड्याळ बघून वेळ घातली आणि लिहिलं : 5 पैकी 1, तोंडी सूचनेसह.