खिशातली कचेरी

पूर्वी आमच्या चौक गावच्या माणसास सरकारदरबारी काही काम निघाले, म्हणजे त्यास तालुक्याच्या खालापूरची वाट धरावी लागे. मामलेदार कचेरीच्या पडवीत दरखास्त हाती धरून बसावे लागे, आणि दिवस कलता कलता 'पुढल्या सोमवारी या' एवढा हुकूम पदरात घेऊन परत फिरावे लागे. या हेलपाट्यांतून रयतेची सुटका व्हावी म्हणून विज्ञानाने जो उद्योग आरंभिला, त्याची परिणती अशी झाली, की ती कचेरी समग्र दप्तरानिशी आमच्या सदऱ्याच्या खिशात येऊन बसली आहे. सोमवार तेवढा अद्याप उगवावयाचा आहे.

वस्तू रोख पैसे मोजून घेतली, की तिचे स्वामित्व आपले, अशी आमच्या पिढीची भाबडी समजूत होती. आम्ही एक दूरचित्रवाणी संच आणला. तो भिंतीवर चढताच त्याने प्रथम आमचे नाव, मग जन्मतारीख, मग वायफायचा पासवर्ड विचारला, आणि सरतेशेवटी, जिच्यापुढे जुनी इनामाची सनदही चिठ्ठीवजा वाटावी, अशी एक करारनाम्याची लांबलचक पोथी समोर उलगडली. खाली 'मान्य आहे' असे एकच बटण होते. बिनविरोध निवडणुकीत उमेदवारास जे स्वातंत्र्य मतदारांकडून मिळते, ते या संचाने आमच्याकडून मिळविले. तेव्हापासून सायंकाळच्या बातम्या लावावयास जावे, तो त्यास नेमकी त्याच घटकेस 'अपडेट' होण्याची उबळ येते, आणि जग अद्ययावत होईतो आम्ही एका फिरत्या वर्तुळाकडे टक लावून बसतो.

शहरातील विद्वान अलीकडे मोठ्या कळवळ्याने विचारतात, की तुमची माहिती कोठे जाते याचा तुम्ही कधी विचार केला आहे काय? या तालुक्यास हा प्रश्न विचारणे म्हणजे थट्टाच होय. १९१५ साली खोपोलीस टाटांचे जलविद्युत्‌केंद्र सुरू झाले. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी प्रचंड नळांतून घाटाखाली उतरवून जी वीज निर्माण झाली, ती आमच्या डोक्यावरील तारांतून मुंबईच्या गिरण्यांकडे चालती झाली. १९२२ साली शेजारी भिवपुरीस तोच प्रकार घडला. मोरबे धरण आमच्या उशाशी आणि त्याचे पाणी नवी मुंबईच्या नळांस. वीज गेली, पाणी गेले, आता माहिती निघाली आहे. जावयाची दिशा तीच आहे, तेव्हा तीस निरोप देताना आम्हास नव्याने हात हलवावयास शिकावे लागले नाही.

उलट जे इकडे यावयाचे असते, ते येत नाही. ओटीपी नामक सहा आकडी फर्मान हे त्याचे ठळक उदाहरण होय. पावसाळ्यात प्रबळगडावर ढग बसले, की हे फर्मान वाटेत कोठेतरी मुक्काम करते आणि आपली मुदत संपल्यावर सावकाश हजर होते. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब चौकहून माथेरानच्या डोंगरावर चढले, ते थंड हवेच्या शोधात. आमचे शेजारी रोज माळ्यावर चढतात, ते रेंजच्या शोधात. साहेबास हवा सापडली.

खरी करुण कथा अंगठ्याची आहे. १८५८ साली बंगाल्यात विल्यम हर्शेल या मुलकी अंमलदाराने एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा उमटवून घेतला, आणि १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांचे पहिले दप्तर उघडले. म्हणजे ही विद्या वाढली ती याच देशात. पुढे अंगठा उठविणे हे निरक्षरतेचे लांच्छन ठरले, रात्रीच्या शाळा निघाल्या, साक्षरतेच्या प्रभातफेऱ्या निघाल्या, आणि ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवरील माणसे थरथरत्या हाताने सही करू लागली न लागली, तोच रेशनच्या दुकानात एक यंत्र येऊन बसले आणि म्हणाले, सही नको, अंगठा आण. आता ज्या बाईची बोटे आवणाच्या चिखलात आणि वीटभट्टीच्या विटांवर झिजली, तिचा 'थंब लागत नाही'. ज्याने कधी काडी मोडली नाही, त्याच्या रेषा मात्र शाबूत, म्हणून तो निःसंशय खरा.

सुशिक्षितांची परीक्षा निराळी. १९५० साली अ‍ॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने एका निबंधात अशी कसोटी मांडली, की परीक्षकाने लेखी प्रश्नोत्तरे करून, न दिसणारा उत्तरदाता मनुष्य आहे की यंत्र, हे ओळखावे. त्या बिचाऱ्याने परीक्षकाचा मान मनुष्यास दिला होता. हल्ली साधे वीजबिल भरावयाचे, तरी यंत्र परीक्षकाच्या खुर्चीवर बसते आणि 'तुम्ही यंत्रमानव नाही ना?' असे विचारून नऊ चित्रे पुढे टाकते. त्यांतील अग्निशामक नळ कोणते, ते दाखवावयाचे असते. अमेरिकेतील पदपथावरचा तो लाल ठेंगू नळ चौकच्या बाजारपेठेत कोणी पाहिलेला नाही. तो न ओळखता आल्याने आमचे मनुष्यत्व वारंवार नामंजूर होते.

आमचे स्नेही भाऊसाहेब महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालवून सेवानिवृत्त झाले. त्यांस या साऱ्याविषयी निखळ आदर वाटतो. "अहो मास्तर," ते म्हणतात, "आमचे कसब कच्चे होते. एखादी म्हातारी पडवीत रडू लागली, की आमचा हात सैल पडायचा. याला पाझर फुटायची सोयच ठेवलेली नाही. शिवाय भांडायचे म्हटले, तर तोंड कुणाचे धरणार?"

उन्हाळ्यात आमचा फ्रीज बंद पडला, तेव्हा भाऊसाहेबांच्या या मताची प्रचीती आली. कंपनीच्या दूरध्वनीवर मराठीसाठी दोनचा आकडा दाबला, तो हिंदीत उत्तर आले, की तक्रार ॲपवरच नोंदवावी. नोंदविली. तिला बारा आकडी क्रमांक मिळाला. कारागीर काही मिळाला नाही. फ्रीजमधील दुधाचे दही आणि दह्याचे आणखी काही होऊन गेल्यावर संदेश आला, की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण करण्यात आले असून प्रकरण बंद करण्यात येत आहे. भाऊसाहेबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"दप्तरी दाखल!" ते म्हणाले. "पण आम्ही निदान खाली रावसाहेबांची सही घेत असू."